उसना दम

सन २०८३, आंबोलीचा घाटमाथा. सायकल परिक्रमेचा अखेरचा टप्पा. संघनायक यशोधन पहिला आला, तेव्हा त्याच्या कपाळावर घामाचा थेंबही नव्हता. त्याचा सारा शीण छातीवरच्या यंत्रातून सहायक बाबूदाच्या अंगात उतरत होता. नियमांना ते मान्य होते. घाटाच्या मध्यावर, सोबतच्या गाडीतून बाबूदाने ‘पुरे’ म्हणून हात वर केला होता. यशोधनने तो पाहिला होता, पण यंत्र बंद केले नव्हते.

“जरा धापा टाक की, फोटो काढतायत,” व्यवस्थापक हसला.

शरमेने मान खाली घालून यशोधन बाबूदाला निजवलेल्या तंबूत गेला. बाबूदाच्या हृदयाला कायमची इजा झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले.

“तुझा हात दिसलाच नाही, बाबूदा.”

बाबूदाने त्याच्याकडे शांतपणे पाहिले. “यशा, आज घाट तू चढलाच नाहीस.”