एकोणतीसचा पाढा

दिवेलागणीला सुहास केळुसकरांनी मुलीला हाक मारली. "रेणू, ये गं, पाढे म्हणूया."

"बाबा, जूनमध्येच डोस घेतलाय ना मी! चौथीचं सगळं येतं मला."

ते खरंच होतं. शाळेत जिभेवर दोन थेंब पडले की वर्षाचा अभ्यास डोक्यात उतरे. गृहपाठ बंद झाला होता आणि त्याच्याबरोबर सुहासरावांची संध्याकाळची नोकरीही गेली होती. बायको कामासाठी दुबईला, मुलगी सर्वज्ञ. घरात त्यांना कुणी काही विचारत नसे. यंदाही त्यांनी हौसेने वह्यांना खाकी कव्हरं घातली होती. आत वह्या कोऱ्याच होत्या.

"तरी म्हण. एकोणतीसचा. माझ्यासाठी."

रेणूने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पाढा सुरू केला. साताशी येऊन ती अडखळली. "एकोणतीस साते... दोनशे चार."

"चुकलीस!" सुहासराव आनंदाने खुर्चीतून उठलेच. "दोनशे तीन गं, वेडाबाई! पुन्हा म्हण."

रेणू हसू दाबत पुन्हा म्हणणार, तोच शाळेने घराच्या भिंतीवर बसवलेलं यंत्र बोललं, "चूक आढळली. डोस कमी पडला आहे. उद्या मुलीला वाढीव डोससाठी आणावे."

रेणूचा चेहरा पडला. वाढीव डोसने तीन दिवस ताप यायचा.

"चूक माझी होती," सुहासराव घाईघाईने म्हणाले. "पाढा मी म्हणत होतो."

यंत्राने नोंद खोडली.

"मग हरकत नाही. पालकांना काही येणे अपेक्षित नाही."