हिरवं नाव

आईला वाचता येत नव्हतं, म्हणून आजारी बुद्धभूषणने कॉम्प्युटरच्या टर्मिनलमधल्या, फाइलकडे नेणाऱ्या लिंकच्या नावांचे रंग तिच्यासाठी बदलून ठेवले. "आई, हे नाव हिरवं दिसलं का माह्या आवाजातली बुद्धवंदना डिस्कवर आहे समज. लाल झालं तर गेली."

तो गेल्यावर आई रोज सकाळी मेणबत्ती लावून ते हिरवं नाव पाहायची. बुद्धवंदना मात्र ती पौर्णिमेलाच ऐकायची.

एक दिवस डिस्क बिघडली, नाव लाल झालं. त्याच्या बहिणीने, रश्मीने, डोळे पुसत लालच्या जागीही हिरवा रंग भरला.

पौर्णिमेला आई वंदना ऐकायला बसली, तेव्हा रश्मी कीबोर्डशी उगाच खटपट करत राहिली.



आई म्हणाली, "राहू दे, पोरी. लाल झालेलं मी तुह्या आधीच पाह्यलं होतं. तू रडशील म्हणून मी रोज हिरवं पाहाले येऊन राहिली."