वाजवून दिलेला शाफ्ट

"हा नको," सुभद्राबाई म्हणाल्या. "नळी बारीक हाय. एवढ्या ताकदीच्या इंजिनाला लावली तर सुटतानाच पिळून निघंल."

रविराजनं शाफ्ट खाली ठेवला.

गेवराईच्या हायवेला जुन्या शाफ्टांची आणखीही दुकानं होती. पण इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारी ही लोखंडी नळी घ्यायची, तर लोक सुभद्राबाईंकडंच येत. नवऱ्याच्या माघारी त्याच्याच हातोडीनं त्या शाफ्ट वाजवून देत. चांगली नळी घंटेसारखी घुमते, तडा गेलेली दबकं बोलते.

भगवानराव पुढाऱ्याचा हा पोरगा मात्र आजवर दुकानाची पायरी चढला नव्हता. चढायला तोंडच नव्हतं. गोदावरीच्या पात्रात वाळूची गाडी अडवायला प्रवीण उभा राहिला आणि रविराजनं ती त्याच्या अंगावर घातली. प्रवीण सुभद्राबाईंचा एकुलता एक. पाहणारे पुष्कळ होते, पण कोर्टात जायच्या आधीच एकेकाची नजर अधू झाली. उरला तो मेंढक्या धुळाजीचा सोमनाथ. "मेंढरं पाजाया गेलतो मावशी, बघितलं तेच सांगनार," एवढंच तो म्हणे. पुढच्या तारखेला त्याची साक्ष होती. पण तारखा अशा कितीतरी येऊन गेल्या होत्या आणि सुभद्राबाईंचा आता कशावरच विश्वास उरला नव्हता.

"रविवारी शर्यत हाय, काकू," रविराज म्हणाला. "नव्या बायपासवर. पुन्या-नगरच्या गाड्या येनारेत. आपली पहिली आली पायजे."

'आपली' म्हणताना त्याची जीभ अडखळली नाही.

"लई जोरात पळती का?"

"पापनी लवस्तोवर पार."

सुभद्राबाई उठल्या. भिंतीशी पडलेल्या शाफ्टांवर प्रवीण लहानपणी घोडा करून बसायचा. उन्हाळ्यात लोखंड तापलं की रडायचा, पण उतरायचा नाही. शेवटी बापच त्याला कडेवर घ्यायचा.

त्या मागच्या कोपऱ्यात गेल्या. एक जाडजूड शाफ्ट ओढून आणला. दिसायला देखणा. पुढच्या जोडाशी केसाएवढा तडा होता म्हणून भंगारवाल्यासाठी काढून ठेवलेला.

त्यांनी हातोडी मारली. आवाज दबका आला, पाण्यानं भरलेल्या घागरीसारखा.

रविराज शाफ्टाकडं नाही, त्यांच्या तोंडाकडं बघत होता.

"कसा हाय?"

"खनखनीत."

"तुमी म्हनल्यावर इषय संपला," तो म्हणाला.

"खालून लोखंडी कडं बसवून घ्या," सवयीनं सुभद्राबाईंच्या तोंडून निघून गेलं. "शाफ्ट सुटला तर कड्यात अडकतो. न्हाईतर पुढचं टोक रस्त्यात रुततं आन् गाडी उलटीपालटी होती."

"कशाला? वजन वाढतं."

सुभद्राबाईंनी आग्रह केला नाही.

रविवारी त्या बायपासला गेल्या. माणसांची ही गर्दी होती. भोंग्यावर नाव पुकारलं, "भगवानरावांचे चिरंजीव, रविराजदादा यांची गाडी!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. काळ्या काचांची लाल गाडी चुन्याच्या रेषेवर येऊन गुरगुरू लागली. पदर घट्ट खोचून सुभद्राबाई गर्दीपुढच्या दोराला धरून उभ्या राहिल्या.

"काकू, उन्हात कशाला उभ्या?"

त्यांनी वळून पाहिलं. मागं रविराज उभा होता. दोन्ही हातांत उसाच्या रसाचे ग्लास.

सुभद्राबाईंनी गाडीकडं बघितलं, मग पुन्हा त्याच्याकडं.

"तुमचं नाव घेतलं की आत्ता."

"मालकाचंच घेत्यात. शंकरपटात बैल ज्याचे त्याचंच नाव पुकारत्यात, हाकनाऱ्याला कोन इचारतं?" त्यानं एक ग्लास पुढं केला. "घ्या. आलं टाकलंय."

"मग आत कोन हाय?"

हिरवा दिवा लागला. गाडी सुटली.

"धुळाजीचा सोमनाथ," रविराज म्हणाला. "गाडी पळवायचं लई याड त्याला, पर आमच्यावर भरवसा न्हाई. म्हनला, शाफ्ट सुभद्रामावशीनं वाजवून दिला असंल, तरच बसतो."