येते
मी बंद पडलेली लिफ्ट दुरुस्त करत होते. पाचव्या मजल्यावरचं दार त्रिकोणी किल्लीने उघडलं, तर काळोख्या पोकळीऐवजी जांभळं आकाश आणि दोन सूर्य! उडी मारणार, तोच पलीकडच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने हात आडवा घातला. “विचार कर, पोरी. इथून कुणी परतत नाही. घरातून निघताना बोललेला शब्द हे दार खरा करतं. सगळे ‘जातो’ म्हणून निघालेले. तू काय म्हणालीस?” मला हसूच फुटलं. सकाळी घाईत मी ‘जाते’ म्हणाले, तर आई तोंडात ब्रश धरून जिन्यापर्यंत धावली होती. “जाते नाही, येते म्हण!” “‘येते’ म्हणाले,” मी उत्तरले. म्हातारा तीनताड उडाला आणि बाजूला झाला. दिवसभर तिकडे हुंदडून संध्याकाळी घरी पोचले, आईला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला, चपला घातल्या. “थांब, मीही येते.”