मिरचीच्या देठांचे दही

दही घट्ट लागले होते. स्नेहलताने पातेले जरा तिरके करून दाखवले, तशा वरवट बकाल गावच्या रुखमाबाईंच्या ओसरीवर जमलेल्या बचत गटाच्या बायका पुढे सरकल्या.

“अन् हे सारं शेंगदाण्याचं?” रुखमाबाईंनी विचारले.

“सगळं. शेंगदाणे भिजवून वाटायचे, दूध गाळून कोमट करायचं आणि विरजणाला हिरव्या मिरचीचे देठ टाकायचे. गाईम्हशीचं काहीच नाही.”

स्नेहलता खामगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. सुटीच्या दिवशी ‘हिरवं ताट’ या संस्थेसाठी गावोगाव जाऊन दूध-अंड्यांशिवायचा स्वयंपाक करून दाखवायची. हे वाक्य तिला पाठ होते, आणि आजवर ते खरे होते. पण या आठवड्याच्या थंडीत देठांनी दगा दिला. दोनदा दूध नुसते आंबूस पाणी होऊन बसले. रिकाम्या हाताने जायचे कसे, म्हणून काल तिने सासूबाईंच्या भांड्यातले चमचाभर दही त्यात कालवले होते.

“मिरचीनं दही लागते?” म्हाताऱ्या चांगुणाबाई म्हणाल्या. “मंग माह्या सुनेची जीभ बुडवून पाहाले पाह्यजे.”

सगळ्या हसल्या. दाराशी बसलेली पूनम हसली नाही. ती रुखमाबाईंच्या बहिणीची मुलगी. बिनदुधाच्या दह्याचा मावशीचा निरोप मिळाला तशी ती सकाळच्या एसटीने चार वर्षांच्या पोरीला, इराला घेऊन आली होती.

“ताई, हिले देऊ मंग?” तिने विचारले. “दुधाचा थेंब चालत नाही हिले. अंगावर गांध्या उठते, श्वास कोंडते. मागच्या साली कोणं पेढ्याचा तुकडा देल्ला, तं रात्रीच दवाखान्यात न्या लागलं. डॉक्टर म्हणे, अजून उशीर झाला असता तं...” तिने वाक्य सोडून दिले आणि पिशवीतून वाटी काढली. “हिनं दही कधी पाह्यलंच नाही.”

“दही थंड असते का?” इराने विचारले.

“हाव. थंड असते.”

वाटी पुढे आली. स्नेहलताचा पळा पातेल्याच्या काठाशी थांबला. देऊ नका, एवढेच म्हणायचे होते. पण का, असे कोणीतरी विचारले असते. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.

ती मागे वळल्यासारखी झाली आणि तिचे कोपर पातेल्याला लागले. म्हणजे तिने ते लावले. पातेले पाटावरून कलंडले आणि दही तिच्या पावलांवरून फरशीभर पसरले.

“अगं माय!” रुखमाबाई फडके घेऊन धावल्या. “राहू द्या ताई, होते असं. रात्री जागून केलं असंन बिचारीनं.”

“माह्या हातून तं दुधाची कासंडी सांडली होती, लग्नाच्या घरी,” चांगुणाबाईंनी धीर दिला.

स्नेहलताने मान खाली घातली. सुटले, असे तिला वाटले, आणि वाटल्याबरोबर कानशिले तापली.

पूनम मात्र पातेल्यापाशी येऊन बसली. ते सरळ करून तिने तळाशी उरलेले दही बोटांनी निपटले आणि एका छोट्या डब्यात घेतले.

“एवढं नेतो मी. विरजणाले होते. घरचे शेंगदाणे हायेत, रोज लावून देईन हिले.”

पातेलेभर दुधात एक चमचा. त्यातले हे बोटभर. उद्याच्या दह्यात ते आणखी विरळ होईल, परवाच्या दह्यात त्याहून. स्नेहलता हिशेब करत राहिली. तो बरोबर होता.

तेवढ्यात इराने आईचे मनगट धरले आणि दह्याने माखलेले बोट स्वतःच्या तोंडाकडे ओढले.

“थांब!”

वर्गात निघावा तसा आवाज निघाला. पोरीने हात सोडला.

“त्यात दही आहे,” स्नेहलता म्हणाली. “म्हशीच्या दुधाचं. मी एक चमचा घातलं होतं. देठांनी लागत नव्हतं.”

पूनमने बोट पदराला पुसले. मग बाकीची बोटे पुसली, मग पुन्हा तेच बोट.

“मंग एवढे शेंगदाणे कायले वाटले बाई?” चांगुणाबाईंनी विचारले. या वेळी कोणी हसले नाही.

रुखमाबाई ओले फडके हातात धरून उभ्या होत्या. “तरी म्हटलं,” त्या हळूच म्हणाल्या, “एवढी शिकलेली बाई, अन् हातचं पातेलं सांडते कसं? देवानंच सांडवलं हो. पोरगी वाचाची होती.”

“हाव ना,” दोघी-तिघी म्हणाल्या. एकीने हात जोडले.

“नाही, ते...” स्नेहलता म्हणाली. “मीच...”

सगळ्या थांबल्या. तिला पुढचे शब्द सापडत होते. ती ते बोलली नाही.

पूनमचे डोळे भरले होते. तिने डबा दूर भिंतीपाशी सरकवून ठेवला.

“ताई, तुम्ही बोलल्या नसत्या तं मी घरी जाऊन देल्लंच असतं. दिवसभर एकटीच राह्यतो मी हिच्याजवळ.” तिने पोरीला पुढे केले. “इरा, ताईच्या पाया पड.”

इरा वाकली. तिचे दोन्ही हात पुढे आले.

“नको!” स्नेहलता मागे सरकली. “हात लावू नकोस.”

पोर तशीच वाकलेली राहिली आणि आईकडे बघू लागली. स्नेहलताच्या दोन्ही पावलांवर दही अजून ओले होते. तिने ती साडीखाली ओढून घेतली.