कमळीचं गाऱ्हाणं

सदू गुरवाने नारळ देवापुढे ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, ह्या लवूच्या पोरीला, कमळीला, रक्ताच्या कॅन्सरातून उठवलास. चार वर्सांनी तो नवस फेडतोय. मान्य करून घे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," देवळात जमलेले आठ-दहा जण म्हणाले.

लवूचं लक्ष नव्हतंच. गेल्या आठवड्यात रत्नागिरीहून एस.टी.ने पोरीला मुंबईला तपासणीला नेलं, तेव्हा त्यानेच डॉक्टरांना जरा ऐटीत सांगितलं होतं, "लाडावलीय. पाचाचा पाढा येत नाही. फोकाने सोलतो, तरी ढिम्म."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पाठीच्या कण्यात दिलेली औषधाची इंजेक्शनं आणि डोक्याला दिलेला किरणांचा शेक, दोन्ही मिळून मेंदूवर परिणाम झालाय, म्हणाले. लक्षात राहत नाही, सुचायला वेळ लागतो. "जीव वाचवायला दोन्ही द्यावंच लागलं. पण हा आळस नाही हो. तुम्ही मारता तिला?"

दोन वर्षं मारत होता. पाढा अडला की पुढे धरायला लावलेल्या तळहातावर निरगुडीचा फोक, मोडला की दुसरा. एवढ्या दुखण्यातून उठलेलं पोर, आणि ह्या बाबाला पाढ्याची पडलेली! आता स्वतःचा हात तोडला तरी काय उपयोग.

"लेकरू हाय, म्हाराजा," सदू शेवटाकडे आला होता. "तिच्या हातून काय चुकलामाकला आसल, तर..."

"तात्या, थांबा," लवू म्हणाला. गाऱ्हाणं मध्येच तोडायचं नसतं. सगळ्यांनी माना वळवल्या. "तिचा काय एक चुकला नाय. माझा चुकलाय. मी मारलाय तिला. ता घाला गाऱ्हाण्यात."

सदूला शब्द जुळवायला वेळ लागला. "बा देवा, बापाने काय चूक नसताना पोरीवर हात उगारलान. त्याला पदरात घे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा" कुणाच्याच तोंडून निघेना. असल्या गोष्टीला हो कसं म्हणायचं, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

लवू पोरीसमोर गुडघ्यांवर बसला. "तू म्हण गो बाय. तू म्हटलास तरच माझा काय खरा. काय म्हणतात सगळी?"

कमळी आठवू लागली. तिला काही सापडेना. सगळे वाट बघत होते, बापही. मग तिने डोळे घट्ट मिटले आणि उजवा तळहात त्याच्यापुढे धरला.