फुली आणि गोल

तळ्याकाठी बदकानं टाकून दिलेलं अंडं निवृत्त फिटरनं घरी आणलं. खोक्यात कापूस पसरला आणि ऊब द्यायला बायकोच्या शिलाई मशीनवरचा दिवा काढून तिथे बसवला. त्यावरून दोघांचं असं वाजलं की घरात अबोलाच सुरू झाला.

अंडं दिवसातून तीनदा उलटायचं, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. म्हणून त्यानं एका बाजूला पेन्सिलीनं फुली काढली, दुसऱ्या बाजूला गोल. पण सकाळी फुली खाली करून जावं, तर दुपारी फुली वर! दुपारी उलटावं, तर संध्याकाळी पुन्हा तेच. तो स्वतःवरच चरफडायचा. थोरल्या भावाचंही असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या विसरायचा, मग माणसांची नावं.

अकराव्या दिवशी त्यानं खोक्यापुढेच कपाळाला हात लावला. "ऐकतेस का? मला डॉक्टरकडे ने. माझं डोकं चालेनासं झालंय. साधं अंडं उलटायचं लक्षात राहत नाही."

बायको हातातलं काम टाकून धावत आली. "म्हणजे तुम्ही उलटता? रोज खोक्यापुढे 'विसरलो, विसरलो' म्हणून चरफडताना ऐकते! मला वाटलं, तुम्ही विसरता. म्हणून तुमची पाठ वळली की रोज मीच उलटते."

त्याचा जीव भांड्यात पडला. मग दोघांची नजर एकदमच खोक्याकडे गेली. अकरा दिवस अंडं एकाच कुशीवर पडून होतं.